वर्गचाचणी आणि अध्ययनाची उद्दिष्टे

राज्याच्या अवर्षणप्रवण भागातील एखाद्या माध्यमिक शाळेचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. भूगोलाच्या तासाला 'नकाशावाचन' हा घटक शिकवून झाला आहे, घटक चाचणी पार पडली आहे आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका विद्यार्थ्यांच्या हाती पडल्या आहेत. पहिल्या बाकावरील मुलीला पंचवीसपैकी बावीस गुण मिळाले आहेत. 'समुद्रसपाटीपासून समान उंची असलेली ठिकाणे जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा' ही व्याख्या तिने अचूक लिहिली आहे. शाळेच्या खिडकीतून समोरची टेकडी दिसते. पावसाचे पाणी अडावे म्हणून त्या टेकडीच्या उतारावर ग्रामस्थांनी श्रमदानाने सलग समतल चर खोदले आहेत. हे चर म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष उतरलेल्या समोच्च रेषाच होत. परंतु ते आडवे व वळणावळणाने का गेले आहेत, सरळ उताराच्या दिशेने का खोदले नाहीत, असे त्या मुलीस विचारले तर तिला उत्तर सुचत नाही.

या प्रसंगात दोष कोणाचा? मुलगी अभ्यासू आहे, शिक्षकांनी घटक मनापासून शिकविला आहे आणि पाठ्यपुस्तकातही उणीव नाही. उणीव आहे ती चाचणीत. नकाशा वाचता येणे हे घटकाचे उद्दिष्ट होते, तर चाचणीने तपासले ते व्याख्येचे पाठांतर. बावीस गुणांच्या त्या आकड्याने मुलीला, तिच्या पालकांना आणि स्वतः शिक्षकांनाही एक चुकीची वार्ता दिली. ज्या घरातील पहिलीच पिढी शाळेत जात आहे, त्या घराला मुलाची प्रगती समजण्याचे गुणपत्रकावाचून दुसरे साधन सहसा नसते. म्हणून चाचणीचा आणि उद्दिष्टांचा मेळ बसविणे हा सर्वसामान्य कुटुंबाच्या हिताचा विषय ठरतो.

परीक्षेची दीर्घ छाया

आपल्याकडील परीक्षापद्धतीस मोठा इतिहास आहे. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि 1859 मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेण्यात आली. पुढे कित्येक दशके ही परीक्षा शासकीय नोकरीचे व उच्च शिक्षणाचे प्रवेशद्वार ठरली आणि तिची छाया खालच्या प्रत्येक इयत्तेवर पडली. परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकविले जावे, जे शिकविले जाते त्यातील विचारले जाईल तेवढेच मुलांनी वाचावे, अशी रीत पडली. अभ्यासक्रमाची उद्दिष्टे पुस्तिकेच्या प्रारंभी छापली जात राहिली, पण वर्गातील व्यवहार ठरला तो प्रश्नपत्रिकेवरून.

स्वातंत्र्योत्तर काळात या स्थितीचा विचार वारंवार झाला. 1952-53 च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजेच मुदलियार आयोगाने, निबंधवजा परीक्षेवरील भार कमी करण्याची, वस्तुनिष्ठ चाचण्यांचा उपयोग करण्याची आणि वर्षभरातील कामाची नोंद ठेवण्याची शिफारस केली. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचे शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1956 मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले होते. ते 1957-58 मध्ये भारतात आले व परीक्षा सुधारणेसंबंधी त्यांनी मार्गदर्शन केले. त्यानंतर 1958 मध्ये केंद्रीय परीक्षा विभाग स्थापन झाला. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने मूल्यमापन ही शिक्षणप्रक्रियेपासून वेगळी न काढता येणारी, सतत चालणारी प्रक्रिया असल्याचे प्रतिपादन केले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले होते, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब होय.

राज्यातील अध्यापक महाविद्यालयांत शिकलेल्या कोणत्याही शिक्षकास 'ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य' ही चार उद्दिष्टे आणि 'संविधान तक्ता' हा शब्द अपरिचित नाही. तथापि, पदवी घेताना वहीत काढलेला हा तक्ता शाळेत रुजू झाल्यावर वहीतच राहतो, असे बहुधा घडते. त्यामागचे तत्त्व किती साधे आहे हे पाहिल्यास तो पुन्हा बाहेर काढावासा वाटेल.

मापन कशाने करावे?

गजाने धान्य मोजता येत नाही आणि पायलीने कापड मोजता येत नाही. जे मोजावयाचे त्यास साजेसे माप लागते. चाचणी हेही एक माप आहे. जी क्षमता मोजण्यासाठी ती तयार केली तीच क्षमता तिने मोजली, तर ती चाचणी सप्रमाण आहे असे म्हणतात. पोहता येते किंवा नाही याची लेखी परीक्षा घेतल्यास पोहण्याविषयीची माहिती मोजली जाईल, पोहणे नव्हे.

शिकागो विद्यापीठातीलच राल्फ टायलर यांनी 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अभ्यासक्रमाविषयी चार मूलभूत प्रश्न मांडले. शाळेने कोणती उद्दिष्टे गाठावीत, त्यासाठी कोणते अनुभव द्यावेत, त्या अनुभवांची रचना कशी करावी आणि उद्दिष्टे गाठली गेली हे कसे ठरवावे, हे ते प्रश्न होत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाकडे परत नेते. उद्दिष्ट, अध्यापन आणि चाचणी या तिवईच्या तीन पायांपैकी एक आखूड झाला तरी तिवई डगमगते.

उद्दिष्ट शब्दांत कसे मांडावे?

मेळ बसविण्याचे काम प्रश्नपत्रिकेपासून सुरू होत नाही. त्याची सुरुवात घटक शिकविण्यापूर्वीच, उद्दिष्ट लिहिताना होते. 'विद्यार्थ्यास समोच्च रेषांचे ज्ञान व्हावे' हे वाक्य ऐकावयास बरे वाटते, परंतु ते ज्ञान झाले हे कोणत्या खुणेवरून ओळखावयाचे? 'जाणणे', 'समजणे', 'आवड निर्माण होणे' या क्रिया मनात घडतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक उद्दिष्टाखाली त्याची स्पष्टीकरणे लिहावी लागतात. विद्यार्थी काय करून दाखवील, हे त्यांत सांगितलेले असते. नकाशावाचनाच्या घटकासाठी ती पुढीलप्रमाणे लिहिता येतील.

ज्ञान : विद्यार्थी समोच्च रेषेची व्याख्या सांगतो, नेहमीची सांकेतिक चिन्हे ओळखतो.

आकलन : रेषा एकमेकींच्या जवळ असल्यास उतार तीव्र व दूर असल्यास मंद, हा फरक तो कारणासह सांगतो.

उपयोजन : पूर्वी न पाहिलेल्या नकाशावरून ओढ्याच्या प्रवाहाची दिशा किंवा बंधाऱ्यास योग्य जागा तो ठरवितो.

कौशल्य : दिलेल्या रेषांवरून भूभागाचा उभा छेद तो नीटनेटका काढतो, प्रमाणानुसार अंतर अचूक मोजतो.

'सांगतो', 'ओळखतो', 'ठरवितो', 'काढतो' ही क्रियापदे लिहिली की प्रश्नाचे स्वरूप जवळजवळ आपोआप निश्चित होते. 'काढतो' असे उद्दिष्ट असेल तर चाचणीत काढावयास सांगितले पाहिजे. आकृती कशी काढतात त्याचे वर्णन विचारल्यास ते दुसरेच उद्दिष्ट होईल.

संविधान तक्ता : वीस मिनिटांचे काम

उद्दिष्टे ठरल्यावर त्यांना किती भार द्यावयाचा हे ठरवावे लागते. वरील घटकासाठी पंचवीस गुणांची चाचणी घ्यावयाची आहे असे समजू या. घटकाचे तीन उपघटक पडतात : नकाशाचे प्रमाण, सांकेतिक चिन्हे आणि समोच्च रेषा. शिक्षकांनी अध्यापनाचा अधिक वेळ समोच्च रेषांना दिला आहे, तेव्हा गुणही त्याच प्रमाणात असावेत. एका बाजूस उपघटक व दुसऱ्या बाजूस उद्दिष्टे मांडून चौकटी आखल्या की तक्ता तयार होतो.

नकाशाचे प्रमाण या उपघटकास ज्ञान 1, आकलन 2, उपयोजन 2 व कौशल्य 2 असे एकूण 7 गुण देता येतील. सांकेतिक चिन्हांस ज्ञान 2 व आकलन 2 असे 4 गुण पुरेसे होतील. समोच्च रेषांस ज्ञान 2, आकलन 4, उपयोजन 6 व कौशल्य 2 असे 14 गुण मिळतील. उद्दिष्टांच्या बाजूने बेरीज केल्यास ज्ञान 5, आकलन 8, उपयोजन 8 व कौशल्य 4 असे 25 गुण भरतात. प्रश्न लिहिण्यापूर्वी एवढे केले, तर पाठांतरास किती व विचारास किती वाव आहे हे शिक्षकांच्या समोर स्पष्ट उभे राहते.

हाच तक्ता जुन्या प्रश्नपत्रिकेसही लावून पाहता येतो. मागील वर्षीची चाचणी घ्यावी, प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या उद्दिष्टाचा आहे हे लिहावे आणि गुणांची बेरीज करावी. उपयोजनाच्या रकान्यात शून्य आले, तर वर्षानुवर्षे कोणते उद्दिष्ट केवळ कागदावर राहिले ते निराळे सांगावे लागणार नाही.

प्रश्नाचे बाह्य रूप आणि खरे रूप

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'कारणे द्या' किंवा 'स्पष्ट करा' असे शब्द घातल्याने प्रश्न आकलनाचा होत नाही. 'पर्वतीय प्रदेशात समोच्च रेषा जवळ जवळ असतात, कारणे द्या' या प्रश्नाचे उत्तर वर्गात फळ्यावर लिहून दिलेले असेल, तर मूल तेच आठवून लिहिते आणि प्रश्न स्मरणाचाच राहतो. प्रश्न उपयोजनाचा आहे किंवा नाही हे परिस्थितीच्या नवेपणावरून ठरते.

उदाहरणार्थ, चाचणीत एका लहानशा खोऱ्याचा अनोळखी नकाशा द्यावा. ओढ्यावर 'अ' व 'ब' या दोन जागा दाखवाव्यात. 'अ' येथे दोन्ही काठांच्या समोच्च रेषा एकमेकींजवळ आलेल्या असून तिच्या वरच्या बाजूस खोरे रुंदावलेले आहे. 'ब' येथे काठ दूर दूर आहेत. बंधाऱ्यासाठी कोणती जागा निवडाल आणि का, असे विचारावे. ज्यास नकाशा वाचता येतो तो मुलगा सांगेल की 'अ' येथे बांध आखूड लागेल आणि वर पाणी साठण्यास जागा अधिक मिळेल. या उत्तरात व्याख्या नाही, परंतु व्याख्येचा सारा अर्थ आहे. त्याच नकाशावर प्रवाहाची दिशा विचारता येईल. खोऱ्यातून जाताना समोच्च रेषांची टोके उगमाकडे वळलेली असतात, हे समजलेला विद्यार्थी ती दिशा बाणाने दाखवील. 1 : 50,000 प्रमाणाच्या नकाशावर दोन वाड्यांमधील अंतर 3 सेंटिमीटर भरले तर प्रत्यक्ष अंतर दीड किलोमीटर, हा हिशेबही त्यास करता येईल.

दुसरी सावधगिरी भाषेची. नकाशावाचनाच्या चाचणीत लांबलचक मराठी वाक्ये लिहिण्याची सक्ती केली, तर गुण मिळतात ते लेखनाचे. मेळघाटातील कोरकू बोलणारे किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणारे मूल नकाशा उत्तम वाचत असूनही अशा चाचणीत मागे पडेल. त्याने बाण काढून, खूण करून किंवा दोन शब्दांत उत्तर दिले तर ते ग्राह्य धरावे. अक्षराचे वा शुद्धलेखनाचे गुण कापावयाचे असतील तर ते उद्दिष्ट आधी लिहिलेले असावे. जे शिकविले नाही व जे उद्दिष्टात नाही, त्यासाठी मुलास दंड होता कामा नये.

चाचणीनंतरचे काम

चाचणीचा उपयोग गुण नोंदवून संपत नाही. किंबहुना खरा उपयोग तेथून सुरू होतो. प्रत्येक प्रश्न विशिष्ट उद्दिष्टाशी जोडलेला असल्याने, कोण किती मागे आहे याबरोबरच कशात मागे आहे हेही कळते. उत्तरपत्रिका परत दिल्यावर प्रत्येक प्रश्न कोणाचा चुकला ते हात वर करून विचारावे व संख्या फळ्यावर लिहावी. समजा, चाळीसच्या वर्गात व्याख्येचा प्रश्न तिघांचा चुकला आणि बंधाऱ्याचा प्रश्न एकतीस जणांचा चुकला, तर त्या एकतीस जणांना नापास ठरविण्यापेक्षा तो भाग निराळ्या रीतीने पुन्हा शिकविणे उचित ठरेल. ओल्या मातीची टेकडी करून तिच्याभोवती समान उंचीवर दोरा गुंडाळला आणि वरून पाहिले की नकाशातील रेषा मुलांना दिसू लागतात. नंतर एक तास शाळेसमोरच्या चरांपाशी घेता आला तर त्याहून उत्तम. या पुनराध्यापनानंतर तोच प्रश्न नव्या नकाशावर पुन्हा विचारावा.

धोरण आणि वर्ग

या विचारास गेल्या काही वर्षांत कायद्याचे व धोरणाचे पाठबळ मिळाले आहे. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्कविषयक अधिनियमाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे तत्त्व स्वीकारले. त्याच वर्षी महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी आकारिक व संकलित मूल्यमापनाची योजना लागू करण्यात आली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी अनेक साधने तीत सांगितली होती. उभा छेद काढता येतो किंवा नाही हे प्रात्यक्षिकातून आणि प्रवाहाची दिशा ओळखता येते किंवा नाही हे तोंडी प्रश्नातून पाहण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. 2017 मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्राथमिक स्तरासाठी इयत्तावार अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नेही पाठांतराऐवजी मूलभूत क्षमतांची पारख करणाऱ्या मूल्यमापनावर भर दिला आहे.

अध्ययन निष्पत्ती हा शब्द नवा असला तरी आशय तोच आहे : मूल काय करून दाखवील ते आधी सांगा आणि तेवढेच प्रामाणिकपणे तपासा. मात्र साधनांची संख्या वाढल्याने मेळ आपोआप बसत नाही. उद्दिष्टांशी संबंध नसलेला, बाजारातून तयार आणलेला प्रकल्प हा पाठांतराच्या उत्तराइतकाच निरुपयोगी होय. नोंदवहीचे रकाने भरले जातात आणि मूल जेथे होते तेथेच राहते, असा धोका येथेही आहेच.

अडचणी आणि उपाय

शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. वर्ग मोठे असतात, अभ्यासक्रम वेळेत पुरा करावयाचा असतो आणि अध्यापनाखेरीज इतर कामेही असतात. अनोळखी नकाशावरील एक चांगला प्रश्न तयार करण्यास व्याख्येच्या दहा प्रश्नांहून अधिक वेळ लागतो. शिवाय शालान्त परीक्षेत तसे विचारत नाहीत तर येथे का, असे पालकही विचारतात.

यावर एकट्याने तोड काढणे कठीण असले तरी एकत्रितपणे ते अवघड नाही. कोठारी आयोगाने जवळच्या शाळांनी परस्परांना साहाय्य करावे म्हणून शाळा संकुलाची कल्पना मांडली होती. केंद्रातील पाच-सहा शाळांच्या भूगोल शिक्षकांनी शिक्षण परिषदेत एकत्र बसून प्रत्येकी दोन उपयोजनाचे प्रश्न आणले, तर एका बैठकीत दहा-बारा प्रश्नांची पेढी तयार होते. दरवर्षी तीत भर पडत जाते. आपल्याच तालुक्यातील ओढा, टेकडी व रस्ते या प्रश्नांत यावेत. एकाने तयार केलेला प्रश्न दुसऱ्याने वाचावा आणि 'हा प्रश्न नेमका काय मोजतो?' एवढेच विचारावे. पालकांच्या शंकेचेही समाधान होऊ शकते. ज्याला उपयोजन जमते तो व्याख्याही आपल्या शब्दांत लिहू शकतो, परंतु ज्याने केवळ व्याख्या पाठ केली त्याला उपयोजन जमेलच असे नाही.

प्रश्नपत्रिका छापण्यापूर्वी शिक्षकांनी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येक प्रश्न कोणत्या ना कोणत्या उद्दिष्टाशी जोडलेला आहे काय? प्रत्येक महत्त्वाच्या उद्दिष्टासाठी निदान एक प्रश्न आहे काय? न समजता केवळ पाठ करून जास्तीत जास्त किती गुण मिळू शकतील? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पंचवीसपैकी वीस असे आले, तर प्रश्नपत्रिका पुन्हा लिहावी लागेल.

शिक्षण हे विकासाचे साधन आहे असे आपण नेहमी म्हणतो. गावाच्या शिवारात पाणी अडविण्याचा निर्णय उद्या आजच्या विद्यार्थ्यांनाच घ्यावयाचा आहे. ग्रामसभेत पाणलोटाचा नकाशा मांडला जाईल तेव्हा त्यावरील रेषा वाचता येणारे दोन-चार तरुण तेथे असले, तर बंधारा योग्य जागी होईल आणि पैसा व श्रम वाया जाणार नाहीत. त्या दिवशी कोणी व्याख्या विचारणार नाही. शाळेतील चाचणीने त्या दिवसाची पारख आधीच करावी, एवढीच अपेक्षा आहे. पहिल्या बाकावरील मुलीचे बावीस गुण तेव्हाच खरे ठरतील, जेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीवरील चर तिला आपल्या नकाशात ओळखता येतील.